गिनीपिगचं हिवाळ्यातलं घर: दोन हजारांत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नाशिकला फ्लॅटमध्ये राहता, दसऱ्याला मुलीसाठी दोन गिनीपिग आणले, चकली आणि करंजी. दुकानदाराने दिलेला तारेचा पिंजरा दोन फूट बाय दीड फूट, तळसुद्धा जाळीचाच, आणि तो बाल्कनीत आहे. पहाटेचा गारठा वाढलाय. दुकानदार म्हणतो की एक तर पिवळा बल्ब लावा, नाहीतर सहा हजारांचा ‘विंटर केज’ घ्या. तुमच्या हातात दोन हजार आहेत.

दोन हजार पुरतील, थोडे उरतीलही. फक्त ते पिंजऱ्यावर घालवू नका आणि बल्बावर तर नकोच. ऊब देणारी खोली तुमच्या घरात आहेच. पैसे जायला हवेत ते तळावर: तळ मोठा हवा आणि कोरडा हवा. पुण्यात लहान प्राण्यांचा दवाखाना चालवताना दर हिवाळ्यात जे गिनीपिग माझ्या टेबलावर येतात, त्यातले निव्वळ थंडीने आजारलेले कमीच असतात. बाकीचे ओलीने, वाऱ्याच्या झोताने आणि थंडी घालवायला केलेल्या उपायांनी आजारी पडलेले असतात.

घर बांधायला रविवार उजाडेल, तोवर आज रात्रीच तो पिंजरा उचलून आत आणा. जाळीच्या तळावर जाड पुठ्ठा टाका, त्यावर वर्तमानपत्राच्या चार घड्या आणि वर भरपूर सुकं गवत. रोज बदललंत तर तेवढ्यावर तीन-चार दिवस निघतात.

बाल्कनी का नको, ते नाशिककरांना वेगळं सांगायला नको खरं तर. दुपारी २८ अंश आणि पहाटे दहाच्या खाली, असा तुमचा जानेवारी. निफाडचा आकडा पाच-सहावर आला की पेपरात बातमी येते. गिनीपिगला साधारण १८ ते २४ अंश मानवतं. १५च्या खाली गेलं की खाल्लेलं सगळं अंग गरम ठेवण्यातच खर्ची पडतं, आणि २७-२८च्या वर गेलं की उष्माघाताची भीती. म्हणजे एकाच बाल्कनीत, एकाच दिवसात, दोन्ही टोकं. पहाटे गारठू नये म्हणून चहूबाजूंनी गुंडाळलेला पिंजरा दुपारी एक वाजता उन्हात तसाच राहिला की आत काय होत असेल, विचार करा. त्यांना घाम येत नाही, कुत्र्यासारखं धापा टाकून अंग निववताही येत नाही. हिवाळ्यात उष्माघात झालेले गिनीपिग मी पाहिलेत आणि प्रत्येक वेळी कारण हेच होतं.

‘पण डॉक्टर, हे तर थंड डोंगरातलं जनावर ना?’ असं हमखास विचारतात. आहे. मूळ दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातलं. पण त्याचे रानटी भाऊबंद उंच गवतात आणि बिळांत कळपाने राहतात, आणि आपल्याकडे येतं ते हजारो वर्षं माणसाने घरात वाढवलेलं. पेरूमधल्या डोंगराळ खेड्यांत आजही ते स्वयंपाकघरात चुलीजवळ मोकळं फिरतं. (तिथे ते कशासाठी पाळतात हे मुलीला सांगू नका.) उघड्यावर एकेकट्याने थंडी काढणारं हे जनावर नाही. ते शीतनिद्राही घेत नाही. म्हणून पहाटे एखादी अंगाला गार आणि सुस्त लागली, तर ‘झोपलीय, झोपू दे’ म्हणू नका. ती तातडीची वेळ असते.

खोलीतली जागा

हॉलचा असा कोपरा शोधा जिथे दोन्ही भिंती आतल्या आहेत. बाहेरच्या भिंतीला लागून नको, खिडकीखाली नको, बाल्कनीच्या दारासमोर नको. सरकत्या खिडकीच्या फटीतून रात्री किती वारा येतो ते उभ्याने कळत नाही. पहाटे जमिनीवर बसून ओला हात पुढे धरा, लगेच कळेल. स्वयंपाकघर ऊबदार असतं पण तिथे फोडणीचा धूर, म्हणून तेही बाद. देवघराशेजारी उदबत्ती आणि धूप. आणि थंडीत आपण संध्याकाळीच खिडक्या लावून घेतो आणि डासांसाठी कॉइल पेटवतो, त्या धुराचा त्रास या इवल्या फुप्फुसांना आपल्यापेक्षा कितीतरी जास्त होतो. ज्या खोलीत गिनीपिग, त्या खोलीत कॉइल नाही, हा नियमच करा. खिडकीला जाळी लावून घ्या किंवा मच्छरदाणीत झोपा.

फरशी हिवाळ्यात गार पडते आणि गार हवाही खालीच साचते. म्हणून घर जमिनीपासून फूटभर उंच हवं. नाशिकला टोमॅटोचे प्लास्टिकचे क्रेट सगळीकडे मिळतात. चार जुने क्रेट घ्या, धुऊन पालथे घाला आणि त्यावर प्लायचा एखादा तुकडा. जुना दिवाण किंवा बुटकं टेबल असेल तर तेही चालेल. त्यावर थर्माकोलची एक शीट अंथरली तर खालून येणारा गारवा तुटतो, फक्त ती त्यांच्या दाताला लागणार नाही अशी पूर्ण झाकलेली हवी. थर्माकोल त्या कुरतडतात, नुसत्या कुरतडत नाहीत तर गिळतात.

दीडशे-दोनशे रुपयांचा साधा डिजिटल थर्मामीटर आणा आणि घर जिथे असणार आहे त्याच उंचीवर ठेवून पहाटे सहाला वाचा. हा माझा सगळ्यात आवडता खर्च आहे, कारण त्याने पुढचे खर्च वाचतात. बाहेर दहा असताना मधल्या मजल्यावरच्या बंद खोलीत बहुधा १७-१८ तरी असतं, आणि मग वेगळी ऊब द्यायचं कारणच उरत नाही. वरचा मजला असेल, पत्र्याचं छप्पर असेल किंवा जुन्या वाड्यातली उंच खोली असेल तर आकडा खाली दिसेल, त्याचं पुढे बोलू. मुंबई-ठाण्याकडच्या, कोकण-गोव्यातल्या वाचकांनी हा सगळा ऊबेचा भाग सोडून दिला तरी चालेल. त्यांचा खरा शत्रू दमट हवा, तेव्हा तळाचं प्रकरण मात्र नीट वाचा.

घर कसं बनवायचं

दोन गिनीपिगना साडेसात चौरस फूट ही किमान जागा मानतात, दहा असेल तर उत्तम. तुमचा पिंजरा तीन चौरस फुटांचा आहे. थंडीत जागा आणखी महत्त्वाची, कारण हलतंफिरतं जनावर गरम राहतं, अडगळीत बसलेलं गारठतं. शिवाय एवढ्याशा जागेत मुतारी, ताट आणि बिछाना एकच होतो, मग ओल येणारच. मजले मात्र मोजायचे नाहीत. शिडी चढून जायचा वरचा माळा पोपटाला शोभतो. हे जमिनीवर धावणारं जनावर आहे, त्याला सपाट लांबी लागते.

फ्लेक्स-बॅनरवाल्याकडे जा आणि ‘सनपॅक शीट’ मागा. ‘भाड्याने देणे आहे’च्या पाट्या ज्यावर छापतात ती, आतून पोकळ नळ्या असलेली प्लास्टिकची शीट. सनबोर्ड नको, तो फोमचा असतो आणि लगेच कुरतडला जातो. आठ बाय चार फुटांची एक पुरते. निवडणुका नुकत्याच झाल्या असतील तर जुनी पाटी फुकटातही मिळेल, नेत्याचं हसरं तोंड तेवढं खालच्या बाजूला करा.

आता कापणी. शीटमधून पाच बाय साडेतीन फुटांचा तुकडा काढा. चारही कडांपासून सहा-सहा इंचांवर पेन्सिलने रेघ मारा. या रेघेवर कटर फिरवायचा, पण आरपार नाही: वरचा पापुद्रा तेवढा कापायचा, खालचा शाबूत ठेवायचा. पहिल्यांदा करताना हात जड पडतो, म्हणून उरलेल्या तुकड्यावर दोनदा सराव करून घ्या. मग काप बाहेरच्या अंगाला राहील अशा रीतीने कडा वर दुमडा. चार कोपऱ्यांत एका बाजूने सहा इंचांचा काप आरपार द्या, म्हणजे एक पाकळी सुटते. ती शेजारच्या भिंतीमागे वळवून बाहेरून रुंद पॅकिंग टेपने चिकटवा. आतून टेप अजिबात नको, पहिल्याच रात्री उचकटतील. झाला चार बाय अडीच फुटांचा, सहा इंच काठाचा ट्रे. दहा चौरस फूट, आणि तळाला एकही सांधा नाही, त्यामुळे लघवी खाली झिरपत नाही.

कुंपणासाठी नवी जाळी घेण्याआधी जुन्या पिंजऱ्याकडे बघा. असले पिंजरे बहुतेक क्लिपांनी जोडलेले असतात. उंची दीड फूट असेल असं धरते. सगळ्या क्लिपा काढल्या की दोन बाय दीडचे चार आणि दीड बाय दीडचे दोन पत्ते मिळतात, म्हणजे ओळीने उभे केले तर अकरा फूट. ट्रेचा घेर तेरा फूट. राहिले दोन फूट, तिथे सनपॅकच्या उरलेल्या भागातून दोन बाय दीडचा तुकडा कापून लावा. पत्ते ट्रेच्या बाहेरून उभे करून केबल टायने बांधा, टायची कापलेली टोकं बाहेर. उंची मोजून कमी भरली, एक फूट वगैरे, तर हार्डवेअरमधून एक इंची चौकोनांची वेल्डमेश, म्हणजे तारांची जाळी, आणावी लागेल. तिची कापलेली टोकं धारदार असतात, ती पक्कडीने बाहेर वळवून घ्या. घरात मांजर किंवा कुत्रा नसेल तर वर छत लागत नाही. खालच्या मजल्यावर राहत असाल आणि उंदीर-घुशींचा वावर असेल तर मात्र रात्री वरून जाळी घालाच.

भिंतीकडच्या दोन बाजूंना कुंपणाच्या बाहेरून पुठ्ठे बांधा, फूटभर उंचीचे. वारा अडला. पुढच्या दोन बाजू उघड्या.

तळ, म्हणजे खरं घर

इथे कंजुषी करू नका, आणि करायची वेळही येत नाही. सगळ्यात खाली वर्तमानपत्र, चार-पाच पानांचा थर. त्यावर ओल पिणारं काहीतरी: जुने टॉवेल, दोन घड्यांची जुनी सुती चादर, बाळाच्या खाली घालायची ड्राय शीट. आणि सगळ्यात वर फ्लीस. थंडी सुरू झाली की तिबेटी स्वेटरवाल्यांचे तंबू लागतात, तिथे किंवा रस्त्यावर हातगाडीवर जे मऊ, हलके सिंगल ब्लँकेट मिळतात, ते बहुतेक पोलर फ्लीसचे असतात. साधारण सात बाय पाच फूट. मधोमध कापलंत तर साडेतीन बाय पाचचे दोन तुकडे, म्हणजे ट्रेच्या तळाला पुरून चारही बाजूंनी सहा इंच वर चढणारे. फ्लीसचे धागे सुटत नाहीत, म्हणून शिवायची गरज नाही. एक तुकडा घरात, एक वाळत.

फ्लीस ओल स्वतःत धरत नाही, खाली जाऊ देतो, म्हणून वरून कोरडा लागतो. पण नवा फ्लीस पहिल्यांदा पाणी अडवतो. तीन-चार वेळा गरम पाण्याने आणि साध्या पावडरने धुवा, कपडे मऊ करायचं सुगंधी द्रव अजिबात घालू नका, नाहीतर तो पाणी खाली सोडतच नाही. तयार झाला की नाही ते बघायला खाली टॉवेल ठेवून वर चमचाभर पाणी ओता. थेंब वर गोळा होऊन बसला तर अजून एक धुणं.

‘मग आजीची गोधडी का नको?’ हा प्रश्न नाशकात येणारच. गोधडी ऊबदार असते, पण सुती असल्यामुळे ओल धरून बसते, आणि रात्रभर त्या ओल्या गोधडीवर जनावर बसलेलं. दुसरं म्हणजे धावदोऱ्याचे टाके: ते कुरतडतात, दोरा सुटतो आणि पायाच्या बोटाला आवळतो. बोट काळं पडलेलं घेऊन आलेली केस मी पाहिलीय. गोधडी हवी तर ट्रेच्या खाली, फ्लीसच्या जागी नाही.

आणि एक. माळ्यावरच्या ट्रंकेतून काढलेलं काहीही थेट आत घालू नका. डांबराच्या गोळ्यांचा वास आपल्याला हिवाळा आल्याची वर्दी देतो, पण त्या गोळ्यांतलं नॅफ्थलीन यांना विषारी आहे. धुऊन, दोन दिवस कडक उन्हात वाळवून, वास पूर्ण गेला की मगच.

सुताराकडचा भुसा फुकट मिळतो म्हणून लोक आणतात. नको. त्यात कुठलं लाकूड, कुठल्या प्लायचा डिंक, काही ठाऊक नसतं, आणि बारीक भुसा नाकाडोळ्यांत जातो. तूसही तसंच, टोचरं आणि धुळकट. इगतपुरीकडून भाताचा पेंढा मिळत असेल तर लपायच्या खोक्यात ऊबेसाठी थोडा चालतो, झटकून आणि कडक काड्या वेचून, पण तो गवताच्या जागी खाऊ म्हणून धरू नका.

रोज सकाळी लेंड्या हातझाडूने गोळा करा, ओला झालेला कोपरा पुसून तिथला टॉवेल बदला. सगळा फ्लीस तीन-चार दिवसांनी. मशीनला लावण्याआधी बाल्कनीत नीट झटका आणि उशीच्या मोठ्या अभ्र्यात घालून तोंड बांधून टाका, नाहीतर केस आणि गवत मशीनच्या जाळीत अडकतं आणि मग घरात वेगळीच थंडी पसरते. पाण्याची बाटली टपकत असेल तर तिच्याखाली एक टाइल आणि त्यावर छोटा नॅपकिन ठेवा. फ्लीस ओला होण्याचं हे एक कारण पटकन ध्यानात येत नाही.

लपायच्या जागा आणि गवत

प्रत्येकीला एक खोकं, आणि प्रत्येक खोक्याला दोन दारं. एकाच दाराच्या खोक्यात एक आत बसली की दुसरी दार अडवते आणि भांडण होतं. तुमच्याकडे जानेवारीपासून द्राक्षांचा हंगाम, त्याचे पुठ्ठ्याचे बॉक्स गल्लोगल्ली पडलेले असतात. पिना काढा, टेप सोलून टाका, पालथं घाला, समोरासमोर दारं कापा. आठवड्यात कुरतडून-भिजवून संपवतील, दुसरं घाला. शिवाय एक मोठं खोकं दोघींना एकत्र बसता येईल असं ठेवा. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात खात्रीची ऊब हीच, एकमेकीच्या अंगाची. म्हणूनच एकटा गिनीपिग हिवाळ्यात जास्त सोसतो.

खोक्यात सुकं गवत दाबून भरा. त्या त्यात बोगदे करतील, बसतील आणि बसल्या बसल्या तेच खातील. गवताचा तंतू त्यांच्या मोठ्या अंधांत्रात, म्हणजे आतड्याच्या पिशवीसारख्या भागात, आंबतो आणि त्यातूनही ऊब निघते, तेव्हा थंडीत गवताचा ढीग कधी संपू द्यायचा नाही. परदेशी टिमोथी गवत महाग पडतं. गोठेवाल्याकडून वाळलेलं डोंगरी किंवा मारवेल गवत मिळालं तर उत्तम, फक्त हिरवट, सुवासिक आणि बुरशीशिवायचं बघून घ्या. लसूणघास रोज नको. मोठ्या झालेल्यांना त्यातला कॅल्शियम जास्त होतो आणि लघवीत खडे धरतात. ज्वारीचा कोवळा हिरवा चारा तर मुळीच नाही, त्यात विषारी सायनाइड तयार होतं, हे शेतकऱ्याला विचारलंत तर तोही सांगेल.

वेगळी ऊब द्यायची असेल तर

थर्मामीटर पहाटे १५च्या खाली जात असेल तरच हा परिच्छेद तुमच्यासाठी. पिवळा बल्ब कोंबडीच्या पिलांसाठी ठीक. इथे मात्र सुक्या गवतावर तापलेली काच, कुरतडायला वायर, आणि रात्रभर डोळ्यांवर उजेड. मध्येच वीज गेली तर ऊब एकदम तुटते ती वेगळीच. रूम हीटर लावायचाच असेल तर खोली झोपण्याआधी तासभर तापवा आणि बंद करा. पिंजऱ्याकडे तोंड नको, रात्रभर चालू नको.

मी सांगते ती शेकायची रबरी पिशवी. पाणी गरम, उकळतं नाही. पिशवी टॉवेलात गुंडाळून ट्रेच्या आत नाही तर खाली, प्लाय आणि ट्रेच्या मध्ये, एका टोकाला सरकवा, वर त्यांचं मोठं खोकं येईल अशा बेताने. त्या टोकाखालचं थर्माकोल तेवढं कापून काढा. रबर दाताला लागत नाही, आणि नको वाटली तर दुसऱ्या टोकाला जायला चार फूट मोकळे आहेत. रात्री दहाला भरली की मध्यरात्रीनंतर थंड पडते, म्हणून घरात कुणी उशिरा झोपणारं असेल तर पाणी बदलण्याचं काम त्याच्याकडे द्या.

वरून पांघरूण घालायचं तर अर्ध्याच घरावर, तेही भिंतीकडच्या.

हे ‘अर्ध्याच’ मी इतकं का सांगते ते ऐका. एका थंडीत एक काका त्यांच्या नातवाचा गिनीपिग पिंजऱ्यासकट घेऊन आले. पिंजऱ्याला सोफ्यावरचं जाड पारदर्शक प्लास्टिक, वरून शाल, सुतळीने करकचून बांधलेलं. ‘वाऱ्याची फट ठेवली नाही डॉक्टर,’ काका कौतुकाने म्हणाले. प्लास्टिक सोडलं तसा अमोनियाचा असा भपकारा आला की माझ्या मदतनिसाने खिडकी उघडली. प्लास्टिकला आतून पाण्याचे थेंब, खालचा पेपर लगदा झालेला. गिनीपिगच्या नाकपुड्यांवर पांढरी खपली, पुढच्या पायांच्या आतले केस चिकट, कारण ते पायांनी नाक पुसतात, आणि श्वासाला बारीक टकटक आवाज. काकांची माया शंभर टक्के होती. पण लघवीतला अमोनिया कोंडला की नाकाघशाचं अस्तर सोलवटतं आणि मग बोर्डेटेला, न्यूमोकोकस असले जंतू सहज आत शिरतात. जनावर वाचलं, तीन आठवडे लागले. तुमच्या घराची परीक्षा सोपी आहे: सकाळी गुडघ्यावर बसून नाक ट्रेच्या काठाशी न्या. डोळ्यांना झोंबलं तर त्यांना रात्रभर झोंबत होतं.

बोर्डेटेलाचं आणखी एक. ससे आणि कुत्रे हा जंतू स्वतः आजारी न पडता बाळगू शकतात. म्हणून ‘ऊब मिळेल’ म्हणून शेजाऱ्यांचा ससा सोबत ठेवण्याचा विचार करू नका.

लक्ष कशावर ठेवायचं

दर रविवारी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर भांडं ठेवून दोघींचं वजन घ्या आणि वहीत लिहा. हे काम मुलीचं. आठवड्यात ५० ग्रॅमने घटलं तर सावध व्हा, ८०-९० ग्रॅमने घटलं तर डॉक्टर गाठा. हे जनावर आजार लपवतं, वहीतला आकडा लपवत नाही. बारा तास काही खाल्लं नाही, तोंडाने श्वास घेतेय, केस फुलवून कोपऱ्यात कुबड काढून बसलीय, यातलं काहीही दिसलं तर उद्यावर ढकलू नका.

कुबड काढून बसणं नेहमी थंडीमुळेच असतं असंही नाही. माणसासारखंच यांनाही शरीरात क जीवनसत्त्व तयार करता येत नाही. ते कमी पडलं की सांधे दुखतात, जनावर हलत नाही, आणि आपण आणखी एक शाल घालतो. थंडीत आवळा भरपूर असतो; रोज एक पातळ फोड, नाहीतर ढोबळी मिरचीचा तुकडा आणि थोडी कोथिंबीर. पाण्यात गोळी विरघळवून ठेवू नका, ती उजेडात लवकर निकामी होते.

सर्दी दिसली म्हणून घरातलं उरलेलं अमॉक्सिसिलिनचं सिरप चमचाभर देऊ नका. हे मी ठळक अक्षरांत लिहायला हवं. तोंडाने दिलेलं अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, पेनिसिलिन गिनीपिगच्या आतड्यातले चांगले जंतू मारतं, घातक जंतू माजतात आणि काही दिवसांत जनावर जातं. यांना चालणारी वेगळी औषधं आहेत आणि त्यांचा डोस वजनावर ठरतो. गाईम्हशींच्या किंवा कुत्र्यामांजरांच्या डॉक्टरांकडे जात असाल तर आधी फोनवर विचारा की लहान प्राणी बघता का, आणि औषध हातात घेण्याआधी ‘यात पेनिसिलिन गटातलं काही नाही ना?’ एवढं विचारायला संकोचू नका. आंघोळ मात्र हिवाळ्यात नाही. मागचा भाग घाण झाला तर कोमट पाण्याच्या फडक्याने पुसून लगेच कोरडा करा.

तुम्ही विचारलेलं नाही, पण घराच्या मापाशी त्याचा संबंध आहे म्हणून सांगते. दुकानदार ‘दोन्ही माद्याच’ म्हणाला असेल, आणि तो बऱ्याचदा चुकतो. नर तीन-चार आठवड्यांचा झाला की पिल्लं होऊ शकतात आणि गर्भकाळ ५९ ते ७२ दिवसांचा, म्हणजे दसऱ्याची खरेदी नाताळात दोनाची सहा होऊ शकते. मादी सहा-सात महिन्यांनंतर पहिल्यांदाच गाभण राहिली तर कमरेचं हाड पुरेसं सैल होत नाही आणि बाळंतपण जिवावर बेतू शकतं. या आठवड्यात दोघींना डॉक्टरांकडे नेऊन खात्री करून घ्या. एक जरी नर निघाला तर त्याच दिवशी वेगळं करायला लागेल. सनपॅकच्या उरलेल्या भागातून दोन बाय दीड काढल्यावर दीड बाय चारची एक पट्टी शिल्लक राहील, तिच्यातून अडीच फुटांचा दुभाजक निघतो. त्याला एकमेकांना हुंगता येईल अशी रुपयाएवढी भोकं पाडा आणि दोन्ही बाजूंना केबल टायने पक्का बांधा. ही सोय तात्पुरती. पाच-पाच चौरस फुटांत दोघांना कायमचं ठेवू नका. नराची नसबंदी करणारे डॉक्टर शोधा, किंवा त्याच्यासाठी दुसऱ्या शीटचा हिशोब धरा.